संत्र्याच्या झाडाची प्रतिकारशक्ती फवारणीने वाढते का?

वरुड भागातील एका संत्रा बागायतदारांनी विचारले आहे: “माझ्या बागेत काही झाडे जंबेरीच्या खुंटावर (ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधतात त्यावर) आहेत आणि काही रंगपूर लाईमच्या. वावर एकच आहे, ओलितही सारखेच आहे, तरी जंबेरीवरच्या झाडांना डिंक्या जास्त लागतो. कृषी केंद्रात ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ औषधे मिळतात; त्यांत सॅलिसिलिक आम्ल असल्याचे सांगतात. ती फवारल्याने झाडाची रोगप्रतिकारक जनुके जागी होतात का? शिवाय बहारासाठी आपण पाणी तोडून झाडाला ताण देतो, त्यामुळे झाड रोगाला लवकर बळी पडते का?”

सॅलिसिलिक आम्ल हे झाड स्वतःच बनवते ते इशाऱ्याचे रसायन. त्याने जनुके जागी होतात, हे खरे आहे. मात्र जनुके जागी झाली म्हणजे झाड वाचले, असे होत नाही. कोणत्या पेशीत, किती लवकर आणि किती काळ ती जागी राहतात, यावर सगळे अवलंबून असते. प्रतिकारशक्ती ही टाकीतल्या पाण्यासारखी कमी-जास्त करता येणारी गोष्ट आहे, असे गृहीत धरून ही उत्पादने विकली जातात, आणि माझा आक्षेप त्या गृहीतकालाच आहे. डिंक्या (बुंध्यातून डिंक वाहणे), खैऱ्या (पानांवर खरबरीत ठिपके) आणि ग्रीनिंग (रसवाहिन्यांचा रोग) या तीन रोगांत झाडाची जनुके तीन निराळ्या तऱ्हांनी वागतात. ते नीट समजले की तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातूनच मिळतील.

झाडाच्या अंगात फिरून रोगजंतू शोधणाऱ्या पेशी नसतात, त्यामुळे प्रत्येक पेशीला आपले रक्षण आपणच करावे लागते. पेशीच्या पृष्ठभागावर ग्राही प्रथिने असतात. जिवाणूच्या शेपटीतील प्रथिनाचा किंवा बुरशीच्या कवचातील कायटिनचा तुकडा त्यांना लागला, की काही मिनिटांत पेशीत कॅल्शियम शिरते, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी क्रियाशील ऑक्सिजन संयुगे तयार होतात आणि पुढच्या काही तासांत शेकडो जनुकांचे काम बदलते. बुरशीचे कवच विरघळवणारी कायटिनेज व ग्लुकानेज ही विकरे तयार होतात, पेशीभित्तिकेवर कॅलोज नावाच्या पदार्थाचा थर बसतो आणि सॅलिसिलिक आम्ल वाढून ‘एनपीआर-१’ या नियंत्रक प्रथिनामार्फत झाडाच्या दूरच्या भागांनाही इशारा पोहोचतो. काही रोगजंतू ही पहिली फळी चुकवून आपली प्रथिने थेट पेशीत सोडतात. ती ओळखण्यासाठी पेशीच्या आत ग्राहींची दुसरी फळी असते. ही यंत्रणा जवळजवळ प्रत्येक लिंबूवर्गीय झाडात असते, फरक असतो तो तिच्या वेगात आणि जोरात. फ्लोरिडातील संशोधकांनी खैऱ्याच्या जिवाणूच्या शेपटीतील प्रथिनाचा तुकडा वेगवेगळ्या जातींच्या पानांत टोचून पाहिला, तेव्हा रोगाला दाद न देणाऱ्या कुमक्वाटमध्ये संरक्षक जनुके जोरात चालू झाली आणि रोगाला सहज बळी पडणाऱ्या ‘डंकन’ ग्रेपफ्रूटमध्ये प्रतिसाद फारच मंद राहिला.

तुमच्या बागेतला डिंक्या याच मुद्द्यावर येतो. हा रोग फायटोप्थोरा या मातीतल्या रोगजंतूमुळे होतो. त्याला आपण सवयीने बुरशी म्हणतो. पण त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात आणि मुळांतून झिरपणाऱ्या द्रव्यांच्या दिशेने जातात. म्हणून आळ्यात पाणी साचणे हे त्याच्यासाठी आमंत्रणच असते. बुंध्यावर दिसणारा डिंक हा रोगजंतूचा स्राव नाही. साल आणि लाकूड यांच्यामधल्या पेशी इथिलीन या संप्रेरकाच्या प्रभावाखाली डिंकाच्या पोकळ्या तयार करतात, म्हणजे तो झाडाचाच प्रतिसाद आहे. डिंक वाहत असलेल्या जागेची साल चाकूने हलकेच खरवडली, तर तपकिरी, ओलसर पट्टा दिसतो आणि त्याच्या कडेला निरोगी हिरवट-पांढरी साल लागते. झाडाचे भवितव्य त्या कडेवर ठरते. तिथल्या जिवंत पेशी स्कोपॅरोन नावाचे विषारी संयुग तयार करतात. प्रतिकारक खुंटांच्या सालीत ते जास्त प्रमाणात साठते आणि तपकिरी पट्टा तिथेच अडतो. संवेदनशील खुंटात ते कमी पडते आणि पट्टा बुंध्याभोवती पसरत जातो. जंबेरी या दुसऱ्या गटात मोडते. ट्रायफोलिएट ऑरेंज आणि अलेमाव हे खुंट पहिल्या गटातले आहेत, तर रंगपूर लाईम या दोहोंच्या मध्ये बसतो. तुमच्या वावरात दिसणारा फरक हा मुळात खुंटाच्या जनुकांचा फरक आहे.

कलमी झाडात जमिनीखालची जनुके खुंटाची असतात आणि वरची नागपुरी संत्र्याची. पानांवर कितीही चांगली फवारणी केली तरी जंबेरीच्या मुळाला ट्रायफोलिएटची जनुके मिळणार नाहीत. कलमाचा डोळा जमिनीपासून निदान वीतभर उंच बांधावा आणि लागवडीनंतर तो मातीखाली जाऊ देऊ नये, हा आग्रह यासाठीच असतो. संत्र्याची स्वतःची साल जंबेरीहून कणखर नाही आणि ती ओल्या मातीला टेकली की रोगाला तिथूनही वाट मिळते. काळ्या भारी जमिनीत आणखी एक अडचण आहे. साचलेल्या पाण्यात मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, आणि संरक्षक संयुगे बनवायला लागणारी ऊर्जा श्वसनाशिवाय तयार होत नाही. अशा वेळी जनुकांना इशारा मिळाला तरी काम पूर्ण करायला पेशीत त्राण उरत नाही.

या रोगावर वापरल्या जाणाऱ्या फोसेटिल-अ‍ॅल्युमिनियमचा उल्लेख इथे करायला हवा. ते झाडात गेल्यावर त्यापासून फॉस्फरस आम्ल तयार होते. ते फायटोप्थोराची वाढ थेट रोखते आणि शिवाय रोग शिरलेल्या सालीत स्कोपॅरोनचे प्रमाण वाढवते, असे प्रयोगांत दिसले आहे. प्रतिकाराला मदत करणारे औषध असू शकते, हे मी नाकारत नाही. मात्र त्याचे लक्ष्य, मात्रा आणि वेळ ठरलेली आहे, आणि त्याची परीक्षा नेमक्या याच रोगावर झालेली आहे.

खैऱ्यामध्ये गोष्ट उलटी आहे. कागदी लिंबाच्या पानावर खैऱ्याचा ठिपका भिंगाखाली पाहिला, तर मधोमध बुचासारखा खरबरीत, फुगलेला उंचवटा, त्याभोवती तेलकट कडा आणि बाहेर पिवळे वलय दिसते. बोट फिरवले तर तो पानाच्या दोन्ही बाजूंना हाताला लागतो. हा उंचवटा झाडाच्या स्वतःच्या पेशी फुगून झालेला असतो. झँथोमोनास सिट्री हा जिवाणू सुईसारख्या नळीतून ‘पीटीएचए-४’ हे प्रथिन पेशीत सोडतो. ते थेट केंद्रकात जाते, झाडाच्या ‘एलओबी-१’ या जनुकाच्या आरंभस्थानी बसते आणि ते जनुक चालू करते. त्यामुळे पेशी फुगतात, भित्तिका सैल होतात, पानाची त्वचा फाटते आणि आतले जिवाणू पावसाच्या थेंबांबरोबर बाहेर उडतात. येथे जागे झालेले जनुकच झाडाचा घात करते. २०१७ मध्ये अमेरिकेत ग्रेपफ्रूटवर आणि चीनमध्ये वांजिनचेंग जातीच्या गोड संत्र्यावर शास्त्रज्ञांनी क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने या जनुकाच्या आरंभस्थानात बदल करून दाखवला. जिवाणूच्या प्रथिनाला बसायला जागाच उरली नाही आणि झाडांवरचा रोग लक्षणीय घटला. प्रतिकार ‘वाढवणारे’ काहीही त्या झाडात घातलेले नव्हते.

याच धर्तीचे स्पेनमधील व्हॅलेन्सियाचे एक काम मला फार महत्त्वाचे वाटते. संत्र्याच्या सालीला जो वास असतो, तो प्रामुख्याने लिमोनीनचा. हे तेल झाडाचे संरक्षक द्रव्य आहे, असेच आपण समजत आलो. तिथल्या संशोधकांनी लिमोनीन बनवणाऱ्या जनुकाचे काम दडपून ‘नाव्हेलिना’ जातीची झाडे वाढवली आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. लिमोनीन कमी झालेल्या फळांवर हिरव्या बुरशीचा आणि खैऱ्याच्या जिवाणूचा जोर उलट कमी झाला, आणि फळमाशीचे नरही त्या फळांकडे कमी आकर्षित झाले. लिंबूवर्गीय फळांत मुरलेल्या या शत्रूंनी त्या वासालाच पत्ता मानून घेतले होते. तेव्हा एखादे संरक्षक द्रव्य वाढले एवढ्यावरून झाड सुरक्षित झाले, असा निष्कर्ष काढता येत नाही. लिंबाच्या बागांमध्ये आजच्या घडीला उपयोगी पडतात त्या साध्या गोष्टी: रोगट फांद्या काढून जाळणे, नवती (नवी पालवी) फुटताना पाने पोखरणाऱ्या अळीला आवर घालणे, कारण तिच्या नागमोडी जखमांतून जिवाणू सहज शिरतो, ताम्रयुक्त फवारणी आणि राहुरी कृषी विद्यापीठाच्या साई सरबतीसारखे तुलनेने सहनशील वाण.

आता ग्रीनिंगकडे येतो. या रोगाचा प्रसार सिट्रस सायला ही कीड करते, हे भारतात १९६७ मध्ये कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातील विषाणू संशोधन केंद्रात केलेल्या कामातून पुढे आले. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये आढळला. त्याआधी, २००३-०४ च्या हंगामात, तिथे संत्र्याच्या सुमारे २४ कोटी २० लाख पेट्या निघत असत. २०२२-२३ मध्ये त्या १ कोटी ६० लाखांच्या आसपास उरल्या. त्या हंगामात वादळाचाही फटका होता. पण मुख्य घसरण ग्रीनिंगची होती.

या रोगाचा जिवाणू, कँडिडेटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस, फक्त रसवाहिन्यांमध्ये राहतो. प्रयोगशाळेत त्याची शुद्ध वाढ टिकवणे अजून साधलेले नाही; २००९ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा तो अगदी लहान, सुमारे १२ लाख अक्षरांचा निघाला. पेशी फोडणारी विषे आणि विकरे त्याच्याकडे जवळजवळ नाहीत. मग एवढे मोठे झाड मरते कशाने? रोगट पानांतील जनुकांचा अभ्यास झाला, तेव्हा रसवाहिनीच्या चाळणीसारख्या छिद्रांवर कॅलोज साठवणारी आणि तेथे बूच मारणारे ‘पीपी-२’ हे प्रथिन बनवणारी जनुके जोरात चाललेली दिसली. पानात तयार झालेली साखर बाहेर पडेनाशी होते, तिचा स्टार्च होऊन पानातच साठतो आणि मुळे उपाशी मरतात. पान बारीक करून त्याच्या अर्कात आयोडीन टाकले तर गडद रंग येतो, तो या साठलेल्या स्टार्चचा. शेतावर करता येण्याजोगी ही चाचणी प्राथमिक संशयासाठी ठीक आहे. निदान प्रयोगशाळेतील पीसीआर या जनुकीय चाचणीनेच करावे.

२०२२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातील नियान वांग यांच्या गटाने हा धागा पुढे नेला. जिवाणू रसवाहिनीत असल्यामुळे तिथल्या पेशींमधील प्रतिकार यंत्रणा महिनोन्महिने सतत चालू राहते, क्रियाशील ऑक्सिजन संयुगे साठत जातात आणि त्यामुळे रसवाहिनीच्याच पेशी मरतात, असे त्यांनी दाखवले. लक्षणांचा मोठा भाग झाडाच्या न थांबणाऱ्या प्रतिकारातून येतो. त्याच कामात जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाची फवारणी आणि ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये वापरल्यावर लक्षणे सौम्य झाली. जिवाणूही गप्प बसत नाही: सॅलिसिलिक आम्ल मोडणारे एक विकर तो स्वतः तयार करतो. अशा झाडावर बाहेरून सॅलिसिलिक आम्ल फवारताना एकीकडे शत्रू ते नष्ट करण्याची सोय बाळगून असतो आणि दुसरीकडे झाड आधीच स्वतःच्या प्रतिकाराने होरपळत असते. ग्रीनिंग झालेल्या बागेत ‘इम्युनिटी बूस्टर’वर खर्च करू नये, असे मी स्पष्ट सांगतो, ते या कारणांमुळे.

जी झाडे या रोगात तगतात, त्यांची रीत वेगळी असते. ‘शुगर बेल’ या मँडरिनमध्ये जिवाणू असतो, पण मेलेल्या रसवाहिनीच्या जागी नवी रसवाहिनी तयार होत राहते. ऑस्ट्रेलियातील फिंगर लाईममध्ये जिवाणूला मारणारे लहानसे प्रथिन सापडले, त्याची माहिती कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०२१ मध्ये दिली. दुसऱ्या वनस्पतीचे ‘एनपीआर-१’ जनुक गोड संत्र्यात घालून काही झाडे बराच काळ निरोगी राहिल्याचे फ्लोरिडात २०१५ मध्ये नोंदले गेले. त्यात मोठा वाटा वेळेवर आणि योग्य ठिकाणी चालणाऱ्या नियंत्रणाचा असावा, असे माझे मत आहे. ही झाडे आपल्या रोपवाटिकांत यायला अवकाश आहे.

सॅलिसिलिक आम्लाच्या मार्गाला चालना देणाऱ्या रसायनांचा उपयोग कुठेच झाला नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. फ्लोरिडात लहान झाडांच्या मुळाशी अशी काही द्रव्ये दिल्यावर खैऱ्याचे प्रमाण घटले. तो परिणाम मर्यादित काळाचा, कोवळ्या झाडांपुरता आणि एका रोगापुरता होता, शिवाय संरक्षक प्रथिने बनवायला लागणारी साखर आणि नत्र झाड आपल्या वाढीतूनच काढते. बाटलीवर घटक, त्यांचे प्रमाण आणि कोणत्या पिकाच्या कोणत्या रोगासाठी शिफारस आहे, हे छापलेले नसेल, तर ती घेऊ नये.

आता ताणाविषयी. पाणी तोडल्यावर मुळांत आणि पानांत ‘एनसीईडी’ हे जनुक चालू होते, त्यातून अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढते, पर्णरंध्रे मिटतात आणि झाड पाणी राखते. त्याच ताणाने, तसेच थंडीनेही, ‘एफटी’ हे फुलोऱ्याचे जनुक सक्रिय होते; आपला आंबिया बहार (हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा) या दोन्हींच्या संयोगावर उभा आहे. अडचण अशी की, अ‍ॅब्सिसिक आम्ल आणि सॅलिसिलिक आम्ल यांचे मार्ग अनेक वनस्पतींमध्ये एकमेकांना दाबतात. पाण्यासाठी झगडणारे झाड रोगाविरुद्धचा प्रतिसाद मागे ठेवते. त्यामुळे ताणाने झाड रोगाला बळी पडू शकते का, या प्रश्नाचे उत्तर होय असेच आहे. पण सगळे ताण सारखे नसतात.

आंबियाचा ताण डिसेंबर-जानेवारीत, थंडीत पडतो. बाष्पीभवन कमी असते, झाड हळूहळू सुकते, आणि फायटोप्थोराला त्या कोरड्या मातीत फारसे काही करता येत नाही. मृगाचा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी येणाऱ्या बहाराचा, ताण मे महिन्यात येतो. वरुड-मोर्शीत तेव्हा पारा ४४-४५ अंशांवर जातो. उष्णतेत पान थंड राहण्यासाठी पर्णरंध्रे उघडी हवीत, तर पाणी वाचवायला ती मिटायला हवीत, आणि दोन्ही ताण एकत्र आले की जनुकांचा प्रतिसाद हा वेगवेगळ्या प्रतिसादांची नुसती बेरीज नसतो. स्पेनमधील प्रयोगांत उष्णता आणि पाणीताण एकत्र सोसण्यात कॅरिझो सिट्रेंज हा खुंट क्लिओपात्रा मँडरिनपेक्षा सरस ठरला, जरी क्षारपड जमिनीत क्लोराइड रोखण्यात क्लिओपात्राच पुढे असतो. सर्वच बाबतींत उत्तम असा खुंट नसतो, हे यातून ध्यानात घ्यावे. मेच्या ताणात बारीक तंतुमुळे झडतात, जूनच्या पहिल्या जोरदार पावसात नवी कोवळी मुळे फुटू लागतात आणि नेमका त्याच वेळी मातीतला फायटोप्थोरा सक्रिय होतो. डिंक्या आणि मूळकूज यांची बहुतेक सुरुवात या दोन-तीन आठवड्यांत होते, असा माझा अनुभव आहे. ज्या वावरात पाणी साचते आणि खुंट जंबेरीचा आहे, तिथे मृग बहार धरू नये, असे मी सुचवतो.

ताण पानांकडे पाहून द्यावा. तेज जाऊन पाने मलूल झाली, थोडी पिवळी पडून गळू लागली, की ताण पुरेसा झाला. फांद्यांचे शेंडे वाळण्याची वाट पाहू नये. ताण फोडताना एकदम पाट सोडून आळे भरू नये, पहिले पाणी हलके द्यावे आणि पुढच्या पाळ्यांत वाढवावे. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे करावे, ठिबक असल्यास नळ्या बुंध्यापासून दूर ठेवाव्यात. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर बुंध्याला बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचे) लावावे. डिंक्या सुरू झालेल्या झाडाची रोगट साल निरोगी कडेपर्यंत काढून जखम धुवावी आणि त्यावर मलम लावावे. फोसेटिल-अ‍ॅल्युमिनियम किंवा मेटॅलॅक्झिलयुक्त औषधाची मात्रा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीनुसार घ्यावी.

जंबेरीवरची तुमची झाडे तोडण्याचे कारण नाही. निचरा सुधारला तर त्यांपैकी पुष्कळ झाडे उत्पादन देत राहतील. मेलेल्या झाडांच्या जागी नवी कलमे लावताना मात्र खुंट कोणता आहे, डोळा किती उंच बांधला आहे आणि डोळकाडी (डोळा घेतलेली फांदी) ज्याची त्या मातृवृक्षाची ग्रीनिंग व ट्रिस्टेझा या विषाणूरोगासाठी तपासणी झाली आहे का, हे रोपवाटिकेत लेखी विचारून घ्यावे. प्रत्येक नवतीच्या वेळी कोवळ्या शेंड्यांवर सायलाची पिल्ले पाहावीत. त्यांच्या अंगातून निघणारे पांढरे, मेणासारखे तंतू नुसत्या डोळ्यांनी दिसतात, आणि प्रौढ कीड पानावर शेपटीकडचा भाग वर उचलून तिरपी बसलेली असते. बागेच्या कुंपणाला कुंती किंवा आसपास कढीपत्ता असेल, तर ही पाहणी तिथूनच सुरू करावी, कारण सायला त्या झाडांवरही वाढते आणि संत्र्याला नवती आली की तिकडे येते.